मस्काची पंधरा दिवसांची मोजणी

भीमराव ओव्हाळ भरभर चालतात. गोखलेनगरात कुणालाही विचारा, तो दुजोरा देईल. कुणी कौतुकाने, कुणी तोंड वाकडं करून. वय बासष्ट. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, वेताळ टेकडी चढून पाषाणच्या अंगाला उतरायचं आणि पुन्हा चढून घरी यायचं. संध्याकाळी आणखी तीन-चार किलोमीटर. रविवारी सिंहगड, तोही पायथ्यापासून. गडावर गाडीने येऊन दही खाणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत ऐकण्यासारखं नाही. टेकडीवरच्या चार-पाच जणांनी सुरुवातीला त्यांच्याबरोबर चालून पाहिलं. मग एकाने गुडघे पुढे केले, एकाने सुनेचं बाळंतपण, आणि हळूहळू सगळ्यांच्या वेळा बदलल्या. पत्नी नंदाताईंनी तर लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी हात जोडले होते. "तुम्ही फिरायला जात नाही, तुम्ही कुणाचा तरी पाठलाग करता," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या, त्या छत्तीस वर्षं त्या कामासाठी पुन्हा घातल्या नाहीत.

ही चाल त्यांना नोकरीने दिली. भीमराव भूमापक होते. जमिनीची मोजणी करायची, हद्दी ठरवायच्या, खुणा दाखवायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे ते काम. वाघोली, मांजरी, लोहगाव, जिथे आज लिफ्टवाल्या इमारती उभ्या आहेत तिथले बांध भीमरावांनी पायाखाली घातलेले होते. दुपारच्या आत तीन मोजण्या उरकणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, आणि त्यांना त्या नावाचा अभिमान होता.

अभिमानाला कारणही होतं. त्यांचे आजोबा शिरूरकडच्या एका गावात तराळकी करायचे. साहेब गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावत जायचं, आणि गावाची शीव कुठून कुठे जाते ते दाखवायचं. शीव आजोबांना तोंडपाठ होती, पण ती दाखवताना साहेबासमोर बसायची सोय नव्हती. छप्पन्न साली आजोबांनी धम्म स्वीकारला, ते काम सोडलं आणि मुलाला खडकीच्या कारखान्यात कामाला धाडलं. भीमरावांच्या हातात नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "तुझ्या आज्यानं हद्द उभ्यानं दाखवली. तू आता ती नकाशावर बसून आख." भीमरावांनी हद्दी आखल्या, पण बसून नाही. साहेबाने खुर्ची मागवायची, झाडाखाली टेकायचं, नारळपाणी प्यायचं, याची त्यांना चीड होती. ते डबासुद्धा उभ्याने खायचे. आपण साहेबासारखे वागत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

अशा माणसाच्या घरी एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी त्यांची मुलगी चैताली कुत्रा घेऊन आली.

कुत्रा म्हणजे कॉर्गी. अंग चांगलं भरलेलं, कान मोठे, रंग भाजलेल्या पावासारखा, आणि पाय असे की देणाऱ्याने देताना हात आखडला असावा. नाव मस्का. चैतालीच्या ऑफिसातल्या ऋषीचा तो कुत्रा. ऋषीची बदली जर्मनीला झाली होती आणि मस्काची झाली नव्हती. वाघोलीला ऋषीची मावशी होती, भाग्यश्री नावाची. तळमजल्याचं घर, पुढे चार कुंड्यांची बाग, ती ठेवायला तयार होती. पण ऋषीने नेटवर बरंच काही वाचलं होतं.

"बाबा, हा हर्डिंग डॉग आहे. म्हणजे गुरं वळणारा. त्याला अ‍ॅक्टिव्ह ओनर लागतो, नाहीतर तो डिप्रेस होतो. मावशी दिवसभर घरात असते. आणि तुम्ही म्हणजे काय, पुण्यातले सगळ्यात अ‍ॅक्टिव्ह ओनर!" चैताली म्हणाली. "पंधरा दिवस ठेवून बघा. सूट झाला तर तुमचा, नाही झाला तर मावशीचा."

भीमरावांनी मस्काच्या पायांकडे पाहिलं. "हा माझ्याबरोबर चालणार?"

"तुमच्यामागे चालायला आता माणूस उरला नाही, तेव्हा कुत्रा बघायला हरकत नाही," नंदाताई आतून म्हणाल्या.

भीमराव हो म्हणाले, पण मोजल्याशिवाय काही मान्य करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी जुनी वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख. वेळ. अंतर. चढ. आणि शेवटचा रकाना: थांबला का? पंधरा दिवसांत हा प्राणी जितक्या वेळा रस्त्यात बसकण मारेल त्यावरून निकाल, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि पहिल्या आठवड्यातच तो वाघोलीला जाईल अशी त्यांची खात्री होती.

मस्का थांबला नाही. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, दुसऱ्या दिवशी सात. टेकडीच्या चढावर भीमरावांच्या एका पावलाला त्याची पाच पावलं पडत, पण तो टाचेजवळून हलत नव्हता. भीमराव कुणाशी बोलायला उभे राहिले की तो उभा राही, जीभ बाहेर काढून वर बघत. भीमराव निघाले की निघे. सकाळी साडेपाचला दाराशी तोच आधी हजर असे. वहीतला शेवटचा रकाना रोज एकाच शब्दाने भरत गेला. नाही. नाही. नाही.

भीमरावांना त्या कुत्र्याचा लळा लागला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. आठव्या दिवशी त्यांनी नंदाताईंना वही दाखवली. "आठ दिवस. एकदाही नाही. माणसं पळाली गं, हा नाही पळाला."

"कुठे पळणार? दोरी तुमच्या हातात आहे," नंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी मस्काच्या भांड्यात पाणी ओतलं. ते त्याने एका दमात संपवलं, मग पुन्हा एकदा संपवलं. भीमरावांनी पाहिलं, पण पाण्याचा रकाना वहीत नव्हता.

नववा दिवस रविवार होता. भीमरावांनी मस्काला सिंहगडावर नेलं. पायवाट खडकाळ आणि निसरड्या मुरमाची, ऊन लवकर चढलेलं. लोक थांबून फोटो काढत होते, एका बाईने तर टाळ्या वाजवल्या. मस्का पुणे दरवाजापर्यंत गेला आणि खाली आला. उतरताना दोन-तीन ठिकाणी त्याने उड्या टाकल्या. पाय आखूड, पाठ लांब, तो जमिनीवर धप्पकन आदळे आणि लगेच उठून टाचेशी येई. पायथ्याशी भीमरावांना इतकं समाधान वाटलं की ते स्वतःशीच हसले. घरी जिन्याने तीन मजले चढून आले, वहीत लिहिलं आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तेव्हा नंदाताई फरशीवर बसल्या होत्या. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत फरशीवर लाल ठिपके होते. नीट ओळीत, सारख्या अंतरावर.

त्यांनी मस्काचा पंजा उलटा केला. तळव्याची कातडी सोलून निघाली होती, चारही पायांची. मस्का शेपटी हलवत होता.

"तुम्हाला दिसलं नाही?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता, आणि भीमरावांना तेच जास्त लागलं.

गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई जवळच होत्या, रविवारीही दवाखाना उघडा ठेवणाऱ्या. भीमराव मस्काला उचलून घेऊन गेले. बाईंनी पंजे पाहिले, पाठीचा कणा बोटांनी दाबत शेपटीपर्यंत आल्या. कमरेजवळ मस्काने पहिल्यांदा आवाज केला, अगदी बारीक.

"किती चालवलंत?"

भीमरावांनी वही पुढे केली. बाईंनी ती पानं शांतपणे वाचली. शेवटच्या रकान्यावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

"ही गुरं वळणारी जात आहे, ओव्हाळ साहेब. अंगात रग आहे, चालायला हवंच. सपाटीवर, थंड वेळेला, थोडं थोडं. पण पाठ लांब आहे, पाय आखूड आहेत, अंगावर दुहेरी केस आहेत. चढउतार, जिने, उड्या, आपला उन्हाळा, यातलं काही त्याच्या पाठीला मानवणारं नाही. मणका सरकला तर मागचे पाय जातात. आज थोडक्यात वाचलाय." त्यांनी वही परत दिली. "आणि हा रकाना चुकलाय. हा कधीच थांबणार नाही. त्याचा माणूस चालतोय तोवर तो चालणार. ते त्याचं काम आहे."

भीमराव टेबलाशी उभे होते. मलमपट्टी झाल्यावर बाईंनी मस्काला खाली ठेवलं. चारही पायांना पट्ट्या, आणि तरी तो उभाच. मागचे पाय थरथरत होते, मान वर करून तो भीमरावांकडे पाहत होता.

"आधी तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.

"मी ठीक आहे."

"तुमच्यासाठी नाही म्हणत. तुम्ही बसल्याशिवाय तो बसणार नाही."

भीमराव बाकड्यावर बसले. त्याच क्षणी मस्काने जमिनीवर अंग टाकलं आणि डोळे मिटले. असं उभं राहणारा एक माणूस त्यांनी बावीस वर्षं पाहिला होता.

त्या माणसाचं नाव दत्तोबा. मांजरीचे राहणारे, मोजणी खात्यात शिपाई, भीमरावांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. तिपाई खांद्यावर, झेंड्याच्या काठ्या हातात, पाण्याची बाटली पाठीला, आणि भीमरावांच्या दहा पावलं मागे. साहेब बसल्याशिवाय शिपायाने बसायचं नाही, असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही; पण शेतावर ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि साहेब तर कधी बसतच नव्हते. डबाही उभ्याने खात. म्हणजे दत्तोबांनीही बावीस वर्षं डबा उभ्याने खाल्ला. भीमराव विचारत, "दत्तोबा, अजून एक सर्व्हे नंबर उरकायचा का?" आणि दत्तोबा म्हणत, "चालंल की साहेब." या उत्तराला भीमराव होकार समजत आले.

अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. वाघोलीजवळचं एक रान, दोन भाऊबंद एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात, आणि दुपारचा एक वाजत आलेला. शेवटचा कोपरा राहिला होता. "एवढा घेऊन टाकू," भीमराव म्हणाले. दत्तोबा झेंडा घेऊन ढेकळांतून लांब गेले. भीमरावांनी दुर्बिणीला डोळा लावला. झेंडा एका बाजूला कलत होता. एरवी ते दत्तोबांना अहोजाहो करत, त्या दिवशी मात्र ते ओरडले, "सरळ धर!" झेंडा क्षणभर सरळ झाला आणि मग दिसेनासा झाला.

दत्तोबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. ते वाचले, पण पुन्हा कामावर आले नाहीत. भीमराव इस्पितळात दोनदा जाऊन आले, तेव्हा दत्तोबांना बोलता येत नव्हतं. तिसऱ्यांदा जायचं राहिलं. मग राहतच गेलं, आणि पुढे पुढे न जाण्याचीच लाज वाटू लागली, म्हणून जाता येईना. दुर्बिणीतून काय दिसलं होतं आणि आपण काय ओरडलो होतो, हे भीमरावांनी नंदाताईंनाही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी संध्याकाळी सांगितलं. नंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग जा ना," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग?"

तरी चार दिवस गेले. त्या चार दिवसांत भीमराव टेकडीवर गेले नाहीत. मस्का पट्ट्या बांधलेल्या पायांनी पहाटे दाराशी जाऊन उभा राही, आणि भीमराव त्याच्यासाठी पुन्हा अंथरुणावर येऊन बसत. मग तो झोपे. भीमरावांनी ठरवलं होतं, कुत्रा ठेवायचा. आपण बदलायचं. हळू चालायचं, सपाटीवर चालायचं, सिंहगड सोडायचा. हे ठरवताना त्यांना बरं वाटत होतं, एखादं देणं फेडल्यासारखं.

चौदाव्या दिवशी, शुक्रवारी, ते मस्काला मांडीवर घेऊन रिक्षाने मांजरीला गेले. रिक्षावाल्याने पंजांच्या पट्ट्यांकडे पाहून विचारलं, "काका, अ‍ॅक्सिडेंट?" भीमराव म्हणाले, "नाही. मी."

ऊस मागे हटला होता. दत्तोबांच्या घराच्या तिन्ही बाजूंना इमारती आल्या होत्या, आणि मधल्या पत्र्याच्या पडवीत दत्तोबा काठी घेऊन बसले होते. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. भीमरावांना पाहून त्यांनी उजव्या हाताने काठी रोवली आणि उठायला लागले.

"दत्तोबा, बसा. कृपा करून बसा," भीमराव जवळजवळ धावले, आणि समोरच्या खाटेवर आधी स्वतः बसले. मस्का त्यांच्या पायाशी लोळला.

"लई दिसांनी," दत्तोबा म्हणाले. शब्द जरा जड येत होते, पण स्वच्छ. "कुत्रं कुनाचं हाय?"

भीमरावांनी सांगितलं. पंधरा दिवसांची अट, दिवसभर घरात असणारी मावशी, वही, सिंहगड, डॉक्टरीणबाई. सांगता सांगता ते थांबले. "दत्तोबा, तुम्ही दमायचात का हो?"

"दमायचो की. रोज."

"मग कधी बोलला नाहीत."

"तुम्ही इचारायचा तवा पाय उचललेला असायचा तुमचा," दत्तोबा म्हणाले. त्यात राग नव्हता. मोजणीत एखादं माप सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

भीमरावांनी मान खाली घातली. "त्या दिवशी मी ओरडलो होतो. तुम्ही पडत होता, आणि मी..."

"ऐकलं व्हतं. सरळ धराय बघितला बी मी."

भीमराव रडले. बासष्ट वर्षांचा माणूस परक्या पडवीत रडतो तेव्हा कसं दिसतं याची त्यांना पर्वा उरली नव्हती. दत्तोबांनी त्यांना रडू दिलं. माफ केलं असंही म्हणाले नाहीत, आणि भीमरावांनी मागितलंही नाही. आतून सुनेने चहा आणून ठेवला तो निवला.

बऱ्याच वेळाने भीमराव म्हणाले, "हे कुत्रं मी ठेवणार आहे. आता हळू चालणार. याच्या पायाने चालणार."

दत्तोबांनी मस्काकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं. "किती दिस?"

"म्हणजे?"

"किती दिस हळू चालाल? चार? महिना? माजी पाठ धरायची तवा तुम्ही मला बी कवा कवा इचारायचा. पावसाळ्यात लई इचारायचा. मग काम आलं की पाय परत तसंच." दत्तोबा दम घेऊन बोलत होते. "तुम्ही वाईट न्हाई, साहेब. पन तुमचं पाय तुमचं ऐकत न्हाईत, आन हे कुत्रं तर काय बोलनार बी न्हाई. त्या मावशीला द्या. ती बसती म्हनता ना घरात? मग झालं तर. चार घरं फिरवंल, दारात बसंल."

भीमरावांच्या तोंडाशी आलं, की मी बदलेन, शपथेवर सांगतो. पण आयुष्यभर त्यांनी हाती नसलेलं माप कागदावर कधी लिहिलं नव्हतं. किती दिवस, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. मांडीवर हात ठेवून ते मस्काकडे बघत राहिले. चौदा दिवसांत एवढी माया लागते हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि चैतालीला लावला.

"ऋषीच्या मावशींना कळव. उद्या मी स्वतः नेऊन देतो."

"का बाबा? सूट नाही झाला? मला वाटलं तुम्हाला तो फारच आवडला."

"आवडला. चांगला आहे तो," भीमराव म्हणाले. "मीच त्याला बरा नाही." मग त्यांनी फोन ठेवला. बावीस वर्षं दत्तोबांनी त्यांचं ऐकलं होतं. त्यांनी दत्तोबांचं ऐकायची ही पहिली वेळ होती.

दत्तोबांनी काठीच्या टोकाने निवलेला चहा दाखवला आणि सुनेला हाक मारली, "दुसरा टाक गं. साहेब बसल्यात." मग ते भीमरावांना म्हणाले, "कुत्रं दिलं तरी येत जावा. पन उभ्या उभ्या नगं."

पाच मिनिटं म्हणून आलेले भीमराव सहा वाजेपर्यंत बसले. मस्का दोघांच्या मधे झोपला होता.